सरकार असताना दानशूरांनी आरोग्यावर पैसा का खर्च करावा?

आपण कर भरतोच, मग आरोग्यासारख्या कामासाठी धर्मादाय निधी कशाला, आणि तो मिळत राहिला तर सरकार आपली जबाबदारी झटकणार नाही का, असे आपण विचारले आहे. ही भीती रास्त आहे. तरीही दानाच्या पैशाला एक काम असे आहे, जे सरकारला सहसा जमत नाही: अजून सिद्ध न झालेल्या गोष्टीवर काही वर्षे खर्च करणे.

गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे उदाहरण मला यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. या स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, बाळाला ऊब मिळते आहे का ते पाहत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती नवजात बाळासाठी इंजेक्शन देण्याची जोखीम कोणत्याही सरकारी खात्याने आपणहून पत्करली असती, असे मला वाटत नाही. हा प्रयोग ३९ गावांत झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला आढळला आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढचे काम मात्र सरकारचेच होते. २०११ मध्ये केंद्राने आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली, तीही इंजेक्शनचा भाग बाजूला ठेवून. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी ठरल्या, आणि त्या पूर्ण केल्यावर आशा सेविकेला २५० रुपये. एवढ्या जबाबदारीच्या कामाचे हे मोल फार थोडे आहे, परंतु ते वाढवून घेण्याचा झगडा सरकारशीच करायला हवा. देणगीतून ती तूट भरून काढली, तर मात्र आपली भीती खरी ठरेल.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही याच वाटेने गेले: १९४१ मध्ये टाटा विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. म्हणून एखाद्या संस्थेला देणगी देण्यापूर्वी तिच्या लोकांना अवश्य विचारावे, की हे काम यशस्वी झाले तर ते सरकारी अंदाजपत्रकात कसे जाणार, आणि त्यासाठी आपण आतापासून कोणाशी बोलत आहात.