आम्ही की आपण?

प्रश्न : प्रचारसभेत आमचे उमेदवार कधी ‘आम्ही’ म्हणतात, कधी ‘आपण’. ही नुसती सवय, की त्यामागे हिशेब असतो?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : हिशेब असतो, निदान भाषण लिहून देणाऱ्याचा तरी. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये आत येतो. हिंदीत दोन्हीला ‘हम’च, त्यामुळे तिथे ही सोय नाही. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, त्यामुळे सभेतही माझे कान सर्वनामांकडेच. परवा ऐकलं : ‘आम्ही पाणी आणलं, आता आपण ते जपून वापरू.’ श्रेय त्यांचं, काटकसर सगळ्यांची! रस्त्याचा विषय निघाला तर, ‘चूक झाली, खड्डे बुजवण्यात येतील.’ कोणाची चूक, कोण बुजवणार? कर्ताच फरार.

टिळकांचं ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ आठवा. त्यात ‘आम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही. ‘माझा’ आणि ‘मी’. पण वाक्य उच्चारणारा प्रत्येक जण स्वतःच तो ‘मी’ होतो, ही खरी गंमत. शेवटचा ‘च’ काढून म्हणून बघा, सगळी हवाच जाते.