बोटीने जा, पण एससीएसएस मोडून नको

नमस्कार काका,

तुमचं पत्र वाचलं, आणि त्याखाली काकूंनी वेगळ्या शाईत लिहिलेली 'यांना जरा समजवा' ही ओळही वाचली. दोघांनाही थोडं थोडं नाराज करणार आहे.

बाकी वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात असा. काका ६७ वर्षांचे, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. उभी हयात विमानांच्या जोडणीत गेली. मुलगा न्यू जर्सीला. २०२७च्या मे महिन्यात त्याच्याकडे जायचंच आहे, पण काकांना सरळ विमानाने जायचं नाही. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनहून 'क्वीन मेरी २' या बोटीने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला उतरायचं आहे. त्यांचे मामा पन्नासच्या दशकात बॅलार्ड पिअरवरून बोटीने विलायतेला गेले होते, तेव्हापासूनचं हे वेड. एजंटने बाल्कनीच्या केबिनचे दोघांचे ४ लाख १० हजार सांगितलेत. त्यासाठी पोस्टातलं ३० लाखांचं सीनियर सिटिझनचं खातं, म्हणजे एससीएसएस, मोडावं का, एवढं त्यांना विचारायचं आहे.

मोडू नका. त्या खात्यातून ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि तुमची चूल त्यावर पेटते. शिवाय त्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला तीन वर्षं झालीत, म्हणजे १ टक्का कापला जाणार. ३० हजार रुपये नुसते दंडात घालवायचे?

आता बोटीकडे वळू. मामांच्या काळी बोट ही गरज होती. १९५८ साली जेट विमानं अटलांटिकवर धावायला लागली आणि बोटींचा तो धंदा आटत गेला. आज महासागर ओलांडण्यासाठी म्हणून बांधलेली आणि नियमाने ते काम करणारी मोठी प्रवासी बोट ही एकच उरली आहे. क्युनार्ड कंपनीची, २००४ पासून चालू, ३४५ मीटर लांब. साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, मधे एकही बंदर नाही. मुंबईहून तशी बोट आता नाही, त्यामुळे लंडनपर्यंत तुम्हाला विमानानेच जावं लागणार. म्हणजे बोटीचा खर्च विमानाच्या खर्चाऐवजी होत नाही, त्याच्यावर चढतो. पत्रात तुम्ही 'विमानाचे पैसे वाचतील' असं लिहिलंय, तिथे गाडी घसरली. 'बोटीत सामानाला वजनाची अट नाही' हेही तसंच. लोणच्याच्या बरण्या आधी मुंबईच्या विमानात चढवायच्या आहेत ना!

तुम्हीच पाठवलेले आकडे मांडतो. मुंबई ते लंडन आणि परतीचं न्यूयॉर्क ते मुंबई, दोघांचे १ लाख ९० हजार. ही दोन सुटी तिकिटं काढू नका, मल्टी-सिटी म्हणून एकत्र काढा, बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बोट ४ लाख १० हजार. ब्रिटनचा व्हिसा, साउथहॅम्प्टनला एक रात्र हॉटेल, हीथ्रोहून तिथवरची बस, बोटीवर माणशी रोज डॉलरमध्ये लागणारी सेवेची आकारणी, वायफाय, किरकोळ खर्च, हे सगळं धरून ७५ हजार ठेवा. बेरीज ६ लाख ७५ हजार. सरळ विमानाने जाऊन-येऊन २ लाख १० हजार. अमेरिकेचा व्हिसा आणि विमा दोन्हीकडे सारखाच, तो धरला नाही. म्हणजे हौसेची किंमत ४ लाख ६५ हजार.

ही झेपते का? घरखर्च महिना ३२ हजार. एससीएसएसचे महिन्याला साडेवीस हजार, पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचे (एमआयएस) ९,२५० आणि तीन हजारांची पेन्शन धरली की तो जेमतेम भागतो. त्याशिवाय १८ लाखांच्या एफडी आणि ११ लाख म्युच्युअल फंडात. आज भागतंय, पण ६ टक्के महागाई धरली तर हेच ३२ हजार दहा वर्षांत ५७ हजार होतील. ती वाढ पेलायला हेच २९ लाख आहेत. त्यातून ४ लाख ६५ हजार गेले तर ७ टक्क्यांच्या हिशेबाने महिन्याचे २,७०० रुपये कायमचे गेले. जीव जाणार नाही, पण जाणवेल.

म्हणून माझं म्हणणं, जा, पण बाल्कनी सोडा. एजंटने खिडकीच्या केबिनचे ३ लाख ५ हजार सांगितलेत, तीच घ्या. उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यात मे महिन्यातसुद्धा शाल गुंडाळून बाल्कनीत किती वेळ बसाल? त्यापेक्षा बोटीला चहूबाजूंनी फिरता येईल असा प्रोमनाड डेक आहे. तीन फेऱ्या मारल्या की जवळजवळ पावणेदोन किलोमीटर होतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज जाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? केबिन मात्र बोटीच्या मधल्या भागातली आणि खालच्या डेकची मागा, हेलकावे कमी जाणवतात.

दिशा तुम्ही बरोबर निवडलीत. पश्चिमेला जाताना वाटेत पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, पंचवीस तासांचे दिवस मिळतात आणि न्यूयॉर्कला तुम्ही ताजेतवाने उतरता. येताना बोट नकोच, थेट मुंबईचं विमान. ऑगस्टात सिंहस्थाच्या पर्वण्या सुरू होतील आणि तेव्हा काकूंना घरी असायचं आहे, तेही जमतं.

काकू, तुमच्या गुडघ्यांचं म्हणणं रास्त आहे. विम्यात बीपी आणि गुडघ्यांचा त्रास आधीपासूनचा आजार म्हणून स्पष्ट लिहून घ्या. बोटीवरचा प्रवास आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, हेही लेखी विचारा. बोटीवर डॉक्टर असतात, बिल डॉलरमध्ये येतं. संध्याकाळच्या नटूनथटून जायच्या जेवणांसाठी काकांनी नवा सूट शिवायला टाकलाय म्हणे. असलेला गडद सूट पुरे. तुमच्या येवल्याच्या पैठणीपुढे त्याच्याकडे बघणार कोण?

अमेरिकेचा व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही भरू नका. त्याच्याशिवाय बोटीवर चढूच देत नाहीत. साउथहॅम्प्टनला आदल्या दिवशी पोचा, उशिरा आलेल्या विमानासाठी बोट थांबत नाही. एजंट पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, घेईल. तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त बसतं, त्यामुळे रिटर्न भरलं की ती रक्कम परत मिळेल, पण काही महिने अडकेल, हे धरून चाला. 'आत्ता जा, नंतर भरा'वाला ईएमआय नको. डॉलर वर सरकला तर म्हणून ३० हजार बाजूला असू द्या.

पैसे काढायचे ते ऑक्टोबरात मॅच्युअर होणाऱ्या ६ लाखांच्या एफडीतून. खिडकीच्या केबिनसह एकूण खर्च ५ लाख ७० हजार येतो, म्हणजे ती पुरते आणि राखीव ३० हजारही त्यातच बसतात. तिच्यावर ऑटो-रिन्यूअल टाकलेलं आहे, असं तुमच्या पावतीच्या फोटोत दिसतंय. सप्टेंबरातच बँकेत जाऊन ते काढून घ्या. नाहीतर ती आपोआप पुढच्या मुदतीला जाईल आणि मोडताना परत दंड बसेल.