वाचकांचे प्रश्न : विंडोजचा अंगभूत अँटिव्हायरस बंद करावा का?

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विचारणा वारंवार दिसते. विंडोजबरोबर येणारा ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा अँटिव्हायरस कायमचा कसा बंद करावा, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे असते. तो का बंद करायचा आहे, हे मात्र पत्राच्या शेवटी एखाद्या ओळीत उरकलेले असते. आमच्या मते खरा प्रश्न त्या ओळीतच असतो आणि त्याचे उत्तर बहुधा अँटिव्हायरस बंद न करताही मिळते. म्हणून या वेळी अशी पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा संगणक जुना आहे. मधूनमधून तो अगदी मंदावतो आणि त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव सर्वांत वर दिसते. मी सेटिंग्जमध्ये जाऊन रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे फाइल वापरात येताच तपासणारे संरक्षण, बंद केले, पण दुसऱ्या दिवशी ते आपोआप सुरू झालेले होते. ते कायमचे बंद करण्याचा मार्ग कोणता?

उत्तर : आपल्याला दिसलेले नाव डिफेंडरच्याच मुख्य प्रक्रियेचे आहे. बंद केलेले संरक्षण पुन्हा सुरू होणे हा बिघाड नाही, ती मुद्दाम केलेली योजना आहे. विंडोज सिक्युरिटीच्या ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या भागातले ते बटण तात्पुरत्या वापरासाठीच दिलेले असून थोड्या वेळाने किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर संरक्षण परत येते. ते बंद असताना ठरलेल्या वेळची तपासणी होतच राहते. परंतु मधल्या काळात उतरवलेली नवी फाइल पुढच्या तपासणीपर्यंत न पाहिलेलीच राहते.

पूर्वी रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘डिसेबल-अँटिस्पायवेअर’ नावाची नोंद करून डिफेंडर पूर्णपणे बंद करता येत असे आणि अनेक जुन्या व्हिडिओंत आजही तोच उपाय सांगितलेला आढळतो. २०१९ मध्ये विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीबरोबर ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आले, ज्यामुळे इतर प्रोग्रामना डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये परस्पर फेरफार करता येईनासे झाले, आणि २०२० च्या ऑगस्टपासून घरगुती संगणकांवर रजिस्ट्रीतील ती नोंद विचारातच घेतली जात नाही. ग्रुप पॉलिसी एडिटर (मुख्यतः कार्यालयीन संगणकांसाठी धोरणे ठरवण्याचे साधन) हा दुसरा मार्ग विंडोजच्या होम आवृत्तीत मुळातच नसतो. ही अडवणूक अनेकांना जाचक वाटते, हे आम्ही समजू शकतो. परंतु संगणकात शिरलेले बरेचसे घातक प्रोग्राम सर्वांत आधी अँटिव्हायरस निकामी करू पाहतात, आणि आपल्यासाठी जो रस्ता मोकळा असेल तो त्यांच्यासाठीही मोकळाच असणार.

आता मंदपणाकडे वळू. डिफेंडरमुळे येणारा भार दोन प्रकारचा असतो आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पहिला भार ठरावीक वेळी होणाऱ्या संपूर्ण तपासणीचा. संगणक काही वेळापुरताच मंदावत असेल आणि नंतर आपोआप पूर्ववत होत असेल, तर कारण बहुधा हेच असते. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या साधनात, ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’ आणि त्यात ‘विंडोज डिफेंडर’ असे क्रमाने उघडल्यास ‘शेड्यूल्ड स्कॅन’ हे काम सापडते. त्याला आपण संगणकावर बसत नसाल अशी, पण संगणक चालू असेल अशी वेळ नेमून द्यावी. अशा तपासणीने प्रोसेसरची सरासरी किती क्षमता वापरावी याची मर्यादाही ठरलेली असते. मुळात ती ५० टक्के असून पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून कामे करवून घेण्याच्या विंडोजच्या साधनातून, कमी करता येते. ती २० किंवा २५ टक्क्यांवर आणल्यास तपासणी लांबते, पण काम अडत नाही. ही मर्यादा सरासरीची असल्यामुळे क्षणभर आकडा वर गेलेला दिसला तर गोंधळून जाऊ नये.

दुसरा भार सततचा असतो. प्रत्येक फाइल उघडताना किंवा लिहिताना डिफेंडर ती तपासतो आणि ज्या कामात हजारो लहान फाइलींची ये-जा होते, उदाहरणार्थ प्रोग्रामिंग किंवा मोठ्या छायाचित्रसंग्रहाची हाताळणी, तिथे हा भार जाणवतो. त्यासाठी ‘एक्स्क्लुजन्स’ म्हणजे वगळण्याची यादी आहे. तीत एखादे फोल्डर, फाइल, फाइलचा प्रकार किंवा प्रक्रिया नोंदवता येते. ही यादी जितकी अरुंद तितकी चांगली. ज्या फोल्डरमध्ये फक्त आपण स्वतः तयार केलेल्या फाइली जातात, ते वगळण्यास हरकत नाही. डाउनलोड्सचे फोल्डर, तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर आणि संपूर्ण सी ड्राइव्ह मात्र कधीही वगळू नये, कारण बाहेरून आलेली वस्तू सर्वांत आधी तिथेच उतरते. कोणत्या फाइलींवर नेमका वेळ जातो आहे, हे अंदाजाने ठरवण्याचीही गरज नाही. डिफेंडरचे स्वतःचे ‘परफॉर्मन्स अॅनालायझर’ पॉवरशेलमधून चालते आणि कोणत्या फाइलींनी व प्रक्रियांनी तपासणीचा किती वेळ खाल्ला, याचा अहवाल देते.

आपला संगणक जुना आहे, असे आपण लिहिले आहे. त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष डिफेंडरच्या माथी मारण्यापूर्वी तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याचा विचार अवश्य करावा. अशा संगणकात डिफेंडर बंद केल्यावर सुटका झाल्यासारखे वाटते, पण ते थोडेच दिवस. नंतर विंडोज अपडेट किंवा फाइलींचे इंडेक्सिंग (शोधासाठी सूची बनवणे) त्याच डिस्कला दमवू लागते.

प्रश्न : माझ्या मुलाने इंटरनेटवरून एक गेम उतरवून घेतला. त्यासोबतच्या सूचनांमध्ये ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकीचा इशारा देतो’ असे लिहिले आहे. मुलगा म्हणतो की सगळेच तसे करतात. पाच मिनिटांसाठी बंद केल्याने खरोखर काही बिघडेल का?

उत्तर : होय, बिघडू शकेल. घातक प्रोग्रामला पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि इन्स्टॉलरला तर बहुधा प्रशासकाचे अधिकार आपण स्वतःच दिलेले असतात, त्यामुळे तो आपल्याच परवानगीने वगळण्याच्या यादीत स्वतःचे नाव घालू शकतो. त्यानंतर संरक्षण पुन्हा सुरू केले तरी त्याच्याकडे कोणी बघत नाही.

विकत घ्यायचा गेम फुकट मिळाला असेल, तर त्याचे कुलूप तोडणारा प्रोग्राम त्यासोबत आलेला असतो. असे प्रोग्राम अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतात, हे खरे आहे. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये बदल करणे, स्वतःचे अंतरंग लपवणे ही त्यांची रीतच असते. म्हणूनच ‘इशारा चुकीचा आहे’ हे वाक्य इतके पटण्यासारखे वाटते. अडचण अशी की कुलूप तोडणारा साधा प्रोग्राम आणि त्याच्या आड दडलेला चोर यांतला फरक घरबसल्या ओळखण्याचे साधन आपल्याकडे नाही, आणि जे होते ते बंद करण्याची विनंती करणारा माणूस तोच आहे ज्याने ती फाइल दिली. अशा फाइली पुष्कळदा पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये येतात आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. गुप्तता राखायची असती तर तो शेजारी कशाला लिहिला असता? पासवर्डमुळे झिपच्या आत काय आहे हे अँटिव्हायरसला उघडण्यापूर्वी पाहता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

अशा मार्गाने येणारे प्रोग्राम पूर्वीसारखे पडदा काळा करून घाबरवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ‘सेशन कुकी’ (आपण आधीच लॉग-इन केले आहे हे वेबसाइटला सांगणारी खूण) उचलून ते गुपचूप पाठवून देतात. कुकी हाती आली की चोराला पासवर्ड आणि मोबाइलवरचा ओटीपी यांपैकी काहीही न देता आपल्या खात्यात शिरता येऊ शकते. गेम मात्र व्यवस्थित चालतो, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. ज्या संगणकावर घरातली इतर माणसे बँकेचे व्यवहार करतात, त्यावर हा प्रयोग करू देऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. ‘सगळेच तसे करतात’ या युक्तिवादाला मुलाच्या वयाची सूट देऊ या.

प्रश्न : मी स्वतःच्या उपयोगासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो तयार होताच डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून नाहीसा करतो. येथे तरी अँटिव्हायरस बंद करणे योग्य ठरेल ना?

उत्तर : येथे चूक डिफेंडरची असण्याची शक्यता मोठी आहे, तरीही बंद करण्याची गरज नाही. नव्याने तयार झालेला, डिजिटल स्वाक्षरी नसलेला आणि जगात इतर कोणाच्याही संगणकावर न आढळलेला प्रोग्राम त्याला संशयास्पद वाटतो. त्यातून तो एकाच फाइलमध्ये बांधून दाबलेला असेल, तर संशय आणखी वाढतो. प्रोग्राम पुसला गेला आहे असे समजू नये. बहुधा तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बाजूला, ठेवलेला असतो. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडून ती नोंद निवडावी आणि तेथून तो परत आणावा. पुढे प्रत्येक वेळी हाच त्रास होऊ नये म्हणून आपल्या प्रकल्पाचे तेवढे एक फोल्डर वगळावे. प्रोग्राम इतरांना देणार असाल, तर चुकीच्या इशाऱ्याची तक्रार म्हणून फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीसाठी पाठवण्याची सोय आहे.

दुसऱ्याकडून आलेल्या फाइलबद्दल असाच संशय असल्यास ‘व्हायरसटोटल’ या सेवेवर ती अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेता येते. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतर संस्थांना उपलब्ध होते, म्हणून खासगी कागदपत्रे तिथे चढवू नयेत.

प्रश्न : मी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस विकत घेतला आहे. तो बसवण्यापूर्वी डिफेंडर बंद करावा लागेल का?

उत्तर : नाही. नवा अँटिव्हायरस विंडोजकडे स्वतःची नोंद करतो आणि डिफेंडर आपणहून बाजूला होतो. नव्याची मुदत संपली किंवा तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल अडवून तपासली असती, तर संगणकाचा वेग आणि स्थैर्य दोन्ही गेले असते. नवा अँटिव्हायरस काढताना त्याच कंपनीने दिलेले काढण्याचे साधन वापरावे, कारण त्याचे अवशेष राहिल्यास डिफेंडर परत सुरू होण्यात अडथळा येतो.

प्रश्न : मी कोणतीही शंकास्पद वेबसाइट उघडत नाही आणि अनोळखी ईमेलला हात लावत नाही. मग मला अँटिव्हायरसची गरजच काय?

उत्तर : आपली सावधगिरी अँटिव्हायरसपेक्षाही मोलाची आहे, पण ती सगळीकडे पुरत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामला एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना कोणी काही उघडण्याची आवश्यकता नव्हती. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधील एका त्रुटीतून तो आपोआप शिरत असे आणि ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने ठप्प केले. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. म्हणून अँटिव्हायरसइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, लक्ष अपडेटकडे द्यावे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तिथे डिफेंडर चालू असला तरी विंडोजमधील नव्या त्रुटी बुजवण्याचे काम तो करू शकत नाही.

प्रश्न : मॅकमध्येही असे काही असते का, आणि ते बंद करता येते का?

उत्तर : असते. ‘एक्सप्रोटेक्ट’ हा ॲपलचा अंगभूत तपासनीस २००९ च्या ‘स्नो लेपर्ड’पासून मॅकमध्ये आहे आणि त्यासाठी चालू-बंद करण्याचे साधे बटण दिलेलेच नाही. एखादे ॲप उघडू दिले जात नसेल, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधून तेवढ्या एकाच ॲपला परवानगी द्यावी.

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी मी इंटरनेटवरची एक स्क्रिप्ट चालवून डिफेंडर बंद केला होता. आता तो सुरू करायचा आहे, पण ‘ही सेटिंग आपल्या संस्थेकडून नियंत्रित केली जाते’ अशा अर्थाची सूचना दिसते. माझा संगणक तर घरचा आहे.

उत्तर : त्या स्क्रिप्टने रजिस्ट्रीत कार्यालयीन धोरणाच्या जागी नोंदी केल्या असाव्यात, म्हणून विंडोज आपल्याला संस्थेचे सदस्य समजते. आपल्याकडे प्रो आवृत्ती असेल, तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरसशी संबंधित धोरणे ‘नॉट कॉन्फिगर्ड’वर आणावीत. होम आवृत्तीत रजिस्ट्रीच्या ‘एचकी लोकल मशीन’ खालील ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज डिफेंडर’ या जागेची प्रत घेऊन तेथील बंद करणाऱ्या नोंदी पुसाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

त्यानंतर टॅम्पर प्रोटेक्शन सुरू करावे आणि वगळण्याची यादी नीट वाचावी. आपण न घातलेले नाव तिथे दिसल्यास ते काढून टाकावे. मग ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. त्यासाठी संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी केली जाते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या प्रोग्रामला लपण्यास जागा उरत नाही. साधारण पाव तास लागतो आणि उघडी कामे आधी सेव्ह करावी लागतात. शेवटी, डिफेंडर खरोखर जागा आहे का हे पाहण्यासाठी ‘आयकार’ची चाचणी फाइल उतरवून पाहावी. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी फाइल अँटिव्हायरसनी ओळखावी म्हणूनच बनवलेली आहे. ती क्षणात अडवली गेली, तर काम झाले. ती जशीच्या तशी डिस्कवर राहिली, तर मात्र त्या स्क्रिप्टने केलेले बदल शोधत बसण्यापेक्षा आपल्या फाइलींची प्रत बाहेर काढून घ्यावी, ‘रिसेट धिस पीसी’ने विंडोज नव्याने बसवावे आणि महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदलावेत.