मुलांना गावी ठेवू नकोस, त्यांना खरं सांग

प्रश्न : मावशी, मी ऐरोलीला राहते, वय ३६. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये केमो सुरू झालीय. दर २१ दिवसांनी एक अशा ४ लाल केमो (औषधच लाल रंगाचं असतं), मग १२ आठवडे दर आठवड्याला एक. पहिली झाली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. आईला पित्त झालंय, एवढंच त्यांना सांगितलंय. सासूबाई म्हणतात, गणपतीला गावी गेलो की मुलांना तिकडेच, संगमेश्वरला ठेवू, सहा महिने तिथल्या शाळेत घालू. त्यांनी हे सगळं बघायला नको आणि केमोचं औषध मुलांना बाधायलाही नको. मिस्टर रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्टला असतात, तेही आता हो म्हणायला लागलेत. मुलगी इतकी शहाणी झालीय की काही मागत नाही, भावाशी भांडत नाही, मला न सांगता पाणी आणून देते. कालपासून केस कंगव्यात यायला लागलेत. काय करू? आणि मुलांसमोर रडू आलं तर?

उत्तर : तू मला मावशी म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. मुलांना सहा महिने गावी ठेवू नकोस. गणपतीला पाच-सात दिवस बाबांबरोबर जाऊन आली तर ती सुट्टी झाली, खुशाल जाऊ देत. तुझे त्रासाचे दिवस नेमके तेव्हा आले तर तू इथेच थांब. पण शाळा बदलून, आईपासून दूर, का ते न सांगता सहा महिने? ऐरोलीत जे दिसलं असतं त्याहून भलतंसलतं मूल तिकडे मनात रंगवत बसेल.

तुझ्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मला काळजी वाटली, ती तू कौतुकाने लिहिली आहेस : मुलगी शहाणी झालीय. सात वर्षांची मुलगी भावाशी भांडायची थांबते, काही मागत नाही, तेव्हा तिला काहीतरी कळलेलं असतं, पण विचारायची सोय नसते. तिने ऑपरेशननंतरची पट्टी पाहिली असणार, बंद दाराआडचे फोन ऐकले असणार. पित्तासाठी कोणी इतक्यांदा हॉस्पिटलात जात नाही, एवढं दुसरीतल्या मुलीला समजतं. आणि या वयाची मुलं कारण स्वतःत शोधतात. मी आईला त्रास दिला, मी अंगावर उडी मारली, म्हणून तिला दुखलं. म्हणून ती इतकी चांगली वागतेय. हे ओझं तिच्या डोक्यावरून तूच उतरवू शकतेस.

या रविवारी मिस्टर घरी असतील तेव्हा तिला जवळ घेऊन बस. आजाराचं नाव घे. नाव नाही घेतलंस तर सोसायटीत खाली खेळताना कोणीतरी घेईलच, आणि ते तिने तुझ्याकडून ऐकलेलं बरं. साधारण असं म्हण : “मला कॅन्सर नावाचा आजार झालाय. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, आता औषध देतायत. तुझ्यामुळे नाही झाला, कोणाच्याच वागण्यामुळे होत नाही. तो एकमेकांना लागत नाही, माझ्याजवळ झोपलीस तरी तुला होणार नाही. मला बरं नसेल त्या दिवशी तुला शाळेला बाबा किंवा आजी तयार करेल.” एवढंच. मग गप्प राहा, तिला विचारू दे. ती लगेच खेळायला पळाली तरी वाईट वाटून घेऊ नकोस. आठ दिवसांनी पोळी खाताखाता एकदम विचारेल.

आणि विचारेल ते बहुधा हेच असेल, की आई, तू मरणार का? त्या वेळी “असं बोलू नये” म्हणून तिचं तोंड बंद करू नकोस. खोटं वचनही देऊ नकोस. “मी बरी व्हावी म्हणून डॉक्टर औषध देतायत, मी ते घेतेय. काही बदललं तर मी स्वतः तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही.” हे तुला आज खरेपणाने म्हणता येतं, आणि तिला धीर यायला हेच लागतं. तू कुठे जातेस तेही सांग. ऐरोलीहून पनवेल लोकल, खारघरला उतरायचं, संध्याकाळी घरी. तिथल्या खुर्चीचा, सलाईनच्या स्टँडचा फोटो दाखव. (कॅन्सरच्या पेशंटला लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं. हॉस्पिटलचा कागद पर्समध्ये ठेव.) तिच्या वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेव. धाकट्याला इतकं नको. “आईला बाऊ झालाय, औषधाने थकायला होतं, तुला आज आंघोळ बाबा घालणार,” हे त्याला पुरतं, पण रोज नव्याने सांगावं लागेल.

आता सासूबाईंची भीती. ती त्यांनी मायेपोटीच बोलून दाखवली आहे, म्हणून त्यांना नीट सांग. तू मुलांना कुशीत घेतलंस, जेवू घातलंस, हात धरून झोपवलंस तर औषध त्यांना बाधत नाही. ते अंगातून बाहेर पडतं ते लघवी, शौच, उलटी यांतून, आणि काळजी घ्यायची ती मुख्यतः केमोनंतरचे ४८ तास. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचं. उलटी किंवा खराब झालेले कपडे मोठ्या माणसाने हातमोजे घालून उचलायचे आणि वेगळे धुवायचे. लाल केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. धाकटा तुझ्या मागे मागे बाथरूममध्ये येणारा असेल, म्हणून तेवढे दिवस दार लावून घे.

खरं तर काळजी उलट बाजूने घ्यायची असते, मुलांकडून तुला काही होऊ नये म्हणून. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा शाळेतून आलं की आधी साबणाने हातपाय आणि मग आई, हा नियम करा. कोणाला सर्दी-ताप असेल तर ते दोन दिवस त्याला आजीजवळ झोपव. कांजिण्या दिसल्या तर त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांना फोन कर. आणखी एक गोष्ट, जी कोणी सहसा आपणहून सांगत नाही : धाकटा पाच वर्षांच्या आतला आहे, म्हणजे पल्स पोलिओचे डोस द्यायला दारी येतील. त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, तो नंतर काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडतो. म्हणून थेंब देण्याआधी तुझ्या केमोच्या डॉक्टरांना आणि मुलांच्या डॉक्टरांना विचार. इंजेक्शनच्या पोलिओ लसीने हा प्रश्न येत नाही. बाकीच्या लसी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

ताप हा मात्र थांबून बघण्याचा विषय नाही. १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा वर गेला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण गोळीने ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. मग त्या दोन वाजता मुलं कुठे? मिस्टर नाइट शिफ्टला आणि आजी गावी असतील तर? हे आजच ठरव. मजल्यावरच्या ज्या घरात मुलं न रडता झोपतात, त्या बाईला स्पष्ट विचारून ठेव आणि किल्ली देऊन ठेव. फाइल, औषधांची चिठ्ठी, चार्जर आणि एक गाऊन पिशवीत घालून दाराजवळ टांग. मुलीलाही सांग, की रात्री आई-बाबांना जावं लागलं तर तुम्ही दोघं काकूंकडे झोपायचं. आधी माहीत असलं की मूल इतकं घाबरत नाही.

केस. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत ते जातातच, तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. उशीवर पुंजके बघत बसण्यापेक्षा आत्ताच बारीक करून घे, दिवसाउजेडी, मुलांसमोर. अर्ध्या रात्री अचानक केस नसलेली आई दिसली तर साडेतीन वर्षांचा जीव घाबरेल. समोर कापताना बघितले तर त्याला ती तीच आई वाटेल. मुलीला स्कार्फ निवडू दे. मला माहीत आहे, आपल्याकडे सवाष्णीने डोक्यावरचे केस काढणं या गोष्टीला किती जुनी, किती क्रूर आठवण चिकटलेली आहे. सासूबाई गप्प झाल्या, चारचौघांत तुला डोक्यावरून पदर घ्यायला सांगू लागल्या, तर ते त्यातून येईल. त्यावर तू वाद घालू नकोस, तेवढी ताकद तुझ्याकडे नाही. मिस्टरांनी आईला सांगायचं, की हे औषधाने झालंय आणि केमो संपल्यावर केस परत येतील. हे काम त्यांचं आहे. तेवढं त्यांनी करावं.

आणि त्यांना हेही सांग, की मुलं संगमेश्वरला जाण्याऐवजी आजीच ऐरोलीला राहिली तर सगळ्यांचं जमेल. चार लाल केमो होईपर्यंत, म्हणजे अजून साधारण दोन-अडीच महिने. केमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस तू झोपून असशील, घर त्या सांभाळतील. तिसऱ्या आठवड्यात तुला पुन्हा जेवणाची चव लागेल, तेव्हा मुलांना तू घे : अभ्यास, गोष्ट, संध्याकाळची खाली चक्कर. मिस्टरांनी घातलेली वेणी वाकडी आली तर येऊ दे. डबा पोळी-भाजी केंद्रातून आला तर येऊ दे. मुलीने पाणी आणून दिलं तर घे, पण रोज तिला “जा, खाली खेळ, भांडलीस तरी चालेल,” असंही म्हण.

रडू आलं तर? रड. “मला आज दुखतंय म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने बरं वाटेल,” एवढं मुलांना सांगायचं, म्हणजे कारण ती स्वतःत शोधत नाहीत. पण दिवसचे दिवस रडणं थांबत नसेल, केमोचे दिवस सोडूनही झोप येत नसेल, मुलांचा आवाजसुद्धा नकोसा झाला असेल, तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना मळमळीइतक्याच सहज सांग. त्यावरही उपचार असतात आणि ते केमोबरोबर घेता येतात. तिथल्या मेडिकल सोशल वर्करलाही भेट. मुलांशी कसं बोलायचं हे तिला विचारणारी तू पहिली आई नसशील.