पडद्याकडे पाठ करून ऐक

अनेक उत्तम आशीर्वाद.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत करायचं तर जुन्या सिंफन्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, कशाला ऐकायच्या, हा तुझा प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी एक धून घेऊ.

'दीएस इरे' हे मध्ययुगातलं लॅटिन मृत्युगीत. त्याचे पहिले चार स्वर ऐक, पुरे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३०च्या 'सिंफनी फँतास्तिक'मध्ये, शेवटच्या भागात, घंटांच्या ठोक्यांबरोबर ते आणले. रशियन संगीतकार राखमानिनोव्ह तर आयुष्यभर त्यांच्याकडे परत परत वळत राहिला. पुढे १९८०च्या 'द शायनिंग' या भयपटाच्या सुरुवातीला डोंगरातून एक गाडी जाताना दिसते. बस, एवढंच. पण वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी तेच स्वर सिंथेसायझरवर वाजवलेत, आणि पोटात गोळा येतो. मूळ गीत ज्यांनी कधीच ऐकलेलं नाही, त्यांच्याही पोटात येतो. (नुसता ऑर्गन घुमवून भीती घालणारे मला कंटाळवाणे वाटतात.)

दुसरी गोष्ट जर्मन संगीतकार वाग्नरची. 'रिंग'च्या चार संगीतनाटकांत त्याने पात्रांना, तलवारीला, अगदी शापालासुद्धा स्वतःची धून दिली. व्हिएन्नात वाढलेले संगीतकार मॅक्स स्टायनर आणि कोर्नगोल्ड ही रीत घेऊन हॉलिवूडला गेले. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये जॉन विल्यम्सनेही तीच वापरली. पात्र आलं की धून वाजवणं कुणालाही जमेल. पात्र पडद्यावर नसताना तिचे दोनच स्वर कुठे डोकावतात, ते हेर. तिथे संगीतकार चित्राने न सांगितलेलं काहीतरी सांगत असतो.

एका धोक्यापासून मात्र जप. संकलनाच्या वेळी दिग्दर्शक तात्पुरतं म्हणून एखादं जुनं संगीत लावतो आणि त्याचा कान त्यालाच चिकटतो. '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थने संगीत लिहून ध्वनिमुद्रितही केलं होतं. दिग्दर्शक कुब्रिकने मात्र स्ट्राउस आणि लिगेटी या संगीतकारांचं आधीचंच संगीत ठेवलं. आपलं संगीत वगळलंय, हे नॉर्थला चित्रपट बघतानाच कळलं. निकाल कुब्रिकच्या बाजूने लागला असं मलाही वाटतं, पण तुझ्यावर ती वेळ आली तर 'याच्यासारखंच काहीतरी दे' या मागणीला लगेच हो म्हणू नकोस. त्या तुकड्यातलं नेमकं काय हवंय ते विचार: लय, वाद्यांचा पोत, की नुसती ताटकळ? बहुतेक वेळा धून नकोच असते.

आता बर्लिओझचा तो शेवटचा भाग पडद्याविना ऐक. ते चार स्वर पुढे वेग बदलून कुठे कुठे येतात, तेवढं टिपून मला पाठव.