राज्यागणिक एक पुस्तक नको, एक विषय धरा

तुमचा प्रश्न असा आहे: "नाशिकला राहतो. आजवर रशियन आणि जपानी कादंबऱ्या इंग्रजीतून भरपूर वाचल्या. आता आपल्या देशातलं वाचायचं ठरवलंय, प्रत्येक राज्याचं एक पुस्तक. यादी द्याल का?"

यादी पाच मिनिटांत होईल, पण देणार नाही. राज्यागणिक एक पुस्तक म्हणजे लग्नाच्या बुफेत प्रत्येक पदार्थ चमचाभर वाढून घेणं. ताट भरतं, चव एकाचीही लक्षात राहत नाही. शिवाय अशा याद्यांत बहुतेक पुरस्कारवाली पुस्तकंच येतात, आणि केरळचं एक वाचलं की केरळ झालं म्हणून माणूस मोकळा होतो.

त्यापेक्षा एक विषय धरा आणि तो वेगवेगळ्या भाषांत कसा आलाय ते बघत चला. विषय आपल्या आसपासचा असला तर बरं. लासलगावला कांदा काय भावानं गेला हे आपल्या कानावर पडतंच, आणि उन्हाळा लागला की सिन्नर-येवल्याकडच्या टँकरच्या बातम्याही. म्हणून जमीन, कर्ज आणि दुष्काळ हा विषय मी सुचवेन.

सुरुवात प्रेमचंदांच्या 'गोदान'पासून (1936). अभ्यासक्रमातलं पुस्तक म्हणून नाक मुरडू नका. देवनागरी आहे, हिंदी आपल्याला येते, सरळ मूळच वाचा. गरीब शेतकरी होरीला दारात एक गाय हवी असते, बस्स. ती मिळते, आणि सख्खा भाऊच तिला विष घालतो. पुढे कर्ज, दंड, पंचायत. शेवटी होरी उन्हात मजुरी करता करता कोसळतो आणि जमलेले लोक गोदान करायला सांगतात, तेव्हा त्याच्या बायकोकडे, धनियाकडे, सुतळी विकून आलेले वीस आणे असतात. तेच ती होरीच्या थंड हातावर ठेवते. मला हा शेवट आजही सलग वाचवत नाही.

मग फकीरमोहन सेनापतींची ओडिया कादंबरी, 'छ माण आठ गुंठ'. प्रेमचंदांच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीची. 1897 ते 1899 या काळात ती मासिकातून क्रमशः आली. नावात जमिनीचं माप आहे. गुंठा आपलाच, फक्त आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर, तिकडे पंचवीस गुंठ्यांचा माण. तेवढ्या तुकड्यावर भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याचं पोट चालतं आणि जमीनदार मंगराजचा डोळा त्यावरच असतो.

पण रडारड नाही. निवेदक महाबेरकी आहे. तो पानोपानी मंगराजची स्तुती करतो आणि प्रत्येक स्तुतीतून त्याचं एकेक वस्त्र उतरवतो. मंगराज एवढे धर्मनिष्ठ की एकही एकादशी चुकवत नाहीत, दिवसभर पाणी आणि तुळशीची पानं, बाकी काही नाही. आणि मग सहज सांगावं तसं: मालकांचा न्हावी परवा बोलून गेला म्हणे, की एकादशीच्या रात्री त्यांच्या खोलीत भांडंभर दूध, केळी आणि थोडंबहुत खायला ठेवलेलं असतं, आणि पहाटे तो रिकामं भांडं घासतो. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला इथे तळटीप लागत नाही. पुढे मूल होत नाही या सारियाच्या दुःखाचा फायदा घेऊन तिला देवीचं देऊळ बांधायला लावतात, त्यासाठी जमीन गहाण पडते, आणि गहाण पडलेली जमीन परत येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. देव, कर्ज आणि कोर्ट यांची साखळी इतक्या हसऱ्या तोंडानं दाखवणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. ही कादंबरी हिंदीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहे.

गुजरातीत पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' (1947) घ्या. तिच्यात छप्पनचा दुष्काळ आहे, म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900. काळूचं आणि राजूचं प्रेम आहे, पण मला लक्षात राहिला तो फुकटच्या धान्यासाठी हात पुढे करायची पाळी आलेला काळू. भुकेपेक्षा भीक त्याला जास्त लागते. गुजराती लिपी शिकायला फार दिवस लागत नाहीत, शिरोरेषा गेली की अर्धी अक्षरं ओळखीचीच निघतात. प्रयत्न करून बघा.

एवढं झाल्यावर मराठीत या. सदानंद देशमुखांची विदर्भातली 'बारोमास' वाचा. एकनाथ शिकलाय, नोकरी नाही, शेती आहे पण तीही धड नाही. होरीची नातवंडं शाळेत गेली असती तर त्यांचं काय झालं असतं, याचं उत्तर मला इथे मिळालं. तुमच्या यादीत ओडिशा आणि विदर्भ वेगवेगळ्या रकान्यांत पडले असते.

जमिनीचा विषय जड झाला तर जात धरा आणि सुरुवात आपल्याच गावच्या बाबूराव बागुलांपासून करा. ते नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. छोटी गोष्ट आहे, एका बैठकीत होते. नंतर लगेच दुसरं काही वाचवत नाही, हे आधीच सांगते.

आता अनुवादाबद्दल. मराठीत कन्नड म्हणजे भैरप्पा असं समीकरण होऊन बसलंय. उमा कुलकर्णींचे 'वंशवृक्ष' आणि 'पर्व' हे अनुवाद उत्तमच आहेत, ते जरूर वाचा, पण तिथेच मुक्काम ठोकू नका. अनंतमूर्तींचं 'संस्कार' वाचल्याशिवाय कन्नडबद्दल मत बनवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तमिळ-मल्याळमसाठी मराठी अनुवाद हाताशी नसेल तर खुशाल इंग्रजीतून वाचा, त्यात कमीपणा कसला?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असतं. त्याआधी ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते, तिथे तमिळशी ओळख झाली आणि पुढे त्यांनी तिरुक्कुरळ हा प्राचीन तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणला, हे फार कुणी सांगत नाही. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही आंतरभारतीची कल्पना त्यांचीच.

पुस्तकांसाठी फार खर्च करू नका. साहित्य अकादेमी आणि नॅशनल बुक ट्रस्टचे अनुवाद खिशाला परवडतात. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं (1840 पासूनचं आहे) सभासदत्व नसेल तर आधी ते घ्या. तिथे कपाटापुढे उभं राहून नुसतं चाळू नका, अनुवादित कादंबऱ्या कुठे लावल्यात ते विचारा. पुठ्ठा बांधलेल्या जुन्या प्रतींच्या पाठीवरची नावं बरेचदा पुसट झालेली असतात, त्यामुळे लेखकाचं नाव कागदावर लिहून न्या.