बँडच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच चाललायस तर ऐक

जालन्याहून संभाजीनगरला येतोयस ना, मग जुनेच बूट घाल. नव्या बुटांपायी मी तिसऱ्या बँडलाच लंगडत होतो. स्टेजला चिकटू नको, तिथं नुसता बास, म्हणजे जाड घुमणारा आवाज, छातीवर आदळतो. मधोमध साउंडवाल्याचं मिक्सर असतं, त्याच्या जवळ उभा राहा. तो ऐकून जुळवतो तोच आवाज तुला मिळतो. कानात फोमचे बोळे घालच: बोटांत वळून बारीक कर, कान वर ओढ, आत सरकव, फुगेपर्यंत दाबून धर. उघड्या कानांना 100 डेसिबलच्या आवाजात 15 मिनिटं हीच सुरक्षित मर्यादा धरतात, हसणारे हसू देत. बँड बदलताना पाणी, लघवी उरकून घे. डिसेंबरात रात्री लई गारठतं, स्वेटर आण. आईचे धपाटे मात्र गेटवर अडवतात, बसस्टँडवरच संपव.